फुर्का घाट वगळून

— तो तक्ता राहू दे हो डॉक्टरबाई, आधी हा नकाशा बघा. डोळे काय, तपासता येतील, पळून जातायत थोडेच! पंचाहत्तरी उलटली की दर दोन वर्षांनी तुमच्यापुढे हजेरी, तुमची सही झाली तर गाडी चालवा, नाहीतर बसा घरी — ठाऊक आहे मला. पण लग्नाला पन्नास वर्षं होतायत, चार दिवसांचा बेत आहे, ट्रूडी बाहेर बाकावर बसलीय ती त्यासाठीच. सकाळपासून तीनदा विचारून झालं तिचं, ‘देईल ना रे ती सही?’ तर बघा — पहिल्या दिवशी ग्रिम्झेलचा घाट चढायचा, वर तळ्यापाशी पाव-चीज खायचं, पलीकडे उतरून मुक्काम. मग नुफेनेन, मग गॉटहार्डचा जुना दगडी रस्ता — सगळी वळणं ट्रूडीला तोंडपाठ — मग आंडरमाट गावात दोन रात्री, आणि सुस्टेन ओलांडून घरी.

फुर्का? नाही, फुर्का नाही घेतला. हो, जवळचा तोच, देखणाही तोच, मला काय सांगता — चाळीस वर्षं पोस्टाची पिवळी बस चालवलीय मी या घाटांतून! कंटाळा आला त्याचा, बस. अशा काय बघताय?

बरं, घ्या तुमचा तक्ता. पहिली ओळ — ई. दुसरी — एफ, पी... नाही? बदललात वाटतं तक्ता? मागचा बरा होता की! अहो, पण घाटात अक्षरं कोण वाचत बसतं? वळणाआडून बसचा भोंगा ऐकू येतो, शेजारी ट्रूडी असते — ‘डावीकडे घे, आता उजवीकडे, पुढे सायकलवाला आहे, हळू’ — ती सांगते, मी वळवतो. म्हणजे — तसं नव्हे, तिला बडबडायची सवयच आहे.

तीच का नाही शिकली गाडी? शिकणार होती. अर्जसुद्धा आणला होता. मीच म्हटलं, मी आहे ना, तुला काय करायचंय? मूर्खपणा केला. आता फार लागतं ते मनाला.

आणि ती बोललीच नाही तर? न बोलायला काय झालं? झोपेत असली तरच — गेल्या सप्टेंबरात, फुर्कावर, हिमनदीच्या वरच्या वळणाला... तुम्ही तिला दिलेल्या त्या नव्या गोळ्या, डोळा लागला तिचा. मला कसं कळणार? मी आपला वाट बघतोय, आता सांगेल, आता सांगेल — आणि दाबला ब्रेक. उतरून हातानं चाचपलं डॉक्टरबाई. पुढचं चाक कडेच्या दगडाला टेकलेलं, आणि पलीकडे काही नाही. गाडी तसूतसू मागे घेतली, मग उठवलं तिला, म्हटलं, हिमनदी बघायला थांबलोय. तर म्हणते, ‘किती गोड आहेस रे तू.’

पेन बंद केलंत ना? बरोबर आहे. मीही नसती केली सही. हा परवाना, ठेवा. पण तिला यातलं काही सांगू नका. आपला डोळा लागला होता हे कळलं, तर जन्मभर स्वतःलाच खात बसेल ती. तुम्हीच अडून बसलात असं सांगतो तिला, दोन शिव्याही घालीन तिच्यासमोर, मनावर घेऊ नका. उघडा दार.

ट्रूडी, बसू नकोस आता, चल. या बाईंना गाडीतलं ओ की ठो कळत नाही!