टाकीतला समुद्र

माझं माहेर हर्णैचं, सासर आंजर्ल्याचं, म्हणजे दोन्हीकडे खिडकी उघडली की समुद्र, आणि लग्न होऊन आले कुठे तर टेक्सासात, अर्विंगला, जिथे पाणी बघायचं तर नळ सोडायचा. काय सांगू तुम्हाला, सुरुवातीला झोपच लागायची नाही, कानाला गाज नाही ना. आमचे हे म्हणायचे, एसी ऐक. एसी ऐक म्हणे! मग मी शाळेच्या किचनमध्ये कामाला लागले, मुलांना ट्रे भरून द्यायचं काम, तिथली एक बाई गाव सोडून चालली होती, तिने खाऱ्या पाण्याची माशांची टाकी मला देऊन टाकली. ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुम्हाला एसी, मला ही.

खाऱ्या पाण्याचं म्हणजे मानी जावयासारखं असतं, जरा इकडचं तिकडे झालं की बिनसलं. मीठ मापाने घालून पाणी आदल्या दिवशी कालवायचं, रात्रभर त्यात हवा सोडायची, मगच टाकीत ओतायचं. दोन मासे होते, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, मी त्यांना बाळू नि ठमी म्हणायची. कामावरून आले की बूट काढायच्या आधी टाकीपाशी. तुमचा टेप चालू आहे ना? बरं.

तर सासूबाई आल्या, पहिल्यांदाच, ऐन गणपतीत. वीतभर शाडूची मूर्ती डब्यात कापूस घालून विमानात मांडीवर घेऊन आल्या, खाली म्हणून ठेवली नाही. दीड दिवसाचा आमचा, छान झालं सगळं, घोडं अडलं विसर्जनाला. आम्ही आपले दरवर्षी बादलीत करायचो. सासूबाई म्हणाल्या, बादलीत? ज्या बादलीत तू फरशी पुसतेस त्या? म्हटलं, आई, नवी आणलीय. त्या गप्प बसल्या, आणि सासूबाई गप्प बसल्या की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून येते तर टाकी पांढरी. ताक ओतावं तशी, मागची भिंत दिसेना. मी ओरडलेच, अगं बाई, हे काय! सासूबाई शांतपणे वाती वळत बसलेल्या. म्हणाल्या, बोट घालून चाखलं, खारट लागलं, समुद्रच की हा. आरती केली नि पोचवला. म्हटलं, आणि शिदोरीचे दहीपोहे? तेही दिले, उपाशी कसं पाठवू?

आता हसावं की रडावं. बाळू नि ठमी अगदी वर येऊन आ वासत होते, त्यांना श्वास पुरेना. जाळी घातली की बुडी मारायचे नि त्या गढुळात दिसेनात, आणि कालवलेलं पाणी थेंबभर शिल्लक नव्हतं. पेट शॉपमध्ये फोन लावला. तो बिचारा सज्जन, विचारतो, टाकीत पडलं काय? आता त्याला काय सांगणार, मी म्हटलं, गॉड. आणि योगर्ट. तो म्हणाला, मॅम, आधी गॉड नि योगर्ट दोन्ही बाहेर काढा, हवा वाढवा, मी तयार पाणी भरून ठेवतो. ह्यांना ऑफिसात फोन केला, म्हटलं, येताना दुकानातून समुद्र घेऊन या.

हवेची नळी वाढवली, दहीपोहे गाळणीने काढले, आणि बाही सरसावून मूर्ती काढायला गेले तर हात जाईना. विसर्जन केलेला देव पुन्हा बाहेर काढायचा नसतो हो, लहानपणापासून ऐकलेलं. सासूबाई म्हणाल्या, खबरदार, एकदा पोचवला तो पोचवला. मग मात्र मी चिडले, म्हटलं, आई, तुमचा पोचला, माझे दोघे जातायत त्याचं काय? आणि रडू फुटलं मला, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. म्हटलं, ह्या मुलखात माझा एवढाच समुद्र आहे.

त्या उठल्या. चष्मा सारखा केला, काचेला नाक लावून त्या दोन जिवांकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला नि कोपरापर्यंत हात घातला. म्हणाल्या, ये रे बाबा वर, लेकरं गुदमरतायत, तुला कुठे घाई आहे. सोंड विरघळून गेली होती, पोट तेवढं शाबूत. स्टीलच्या पातेल्यात ठेवला, वर धुतलेला रुमाल.

ह्यांनी कॅन भरभरून पाणी आणलं, थोडं थोडं बदलत गेलो, हळूहळू मागची भिंत दिसायला लागली. ठमी गेली. बाळू राहिला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, मीही आग्रह केला नाही. शनिवारी ह्यांनी गाडी काढली ती थेट गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्याला, पातेलं सासूबाईंच्या मांडीवर. बाप्पाला सोडलं, मग तिथलं पाणी चाखून म्हणाल्या, तुझ्या टाकीतलं बरं होतं गो. तेवढीच त्यांची माफी, मला पुरली.

परत गेल्यावर फोनवर आधी विचारायच्या, बाळू कसा आहे, मग मुलगा. गेल्या महिन्यात दिरांचा फोन आला, आई गेली. इतक्या लांबून जाणं झालं नाही, ते मनात राहणारच. दीर म्हणाले, अस्थी आंजर्ल्याच्या समुद्रात सोडल्या. मी फोन ठेवला, बाही सरसावली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला नि उभी राहिले तशीच. बाळू आला, बोटाला लागला. खाऊसाठी हो, त्याला काय कळतंय. पण बरं वाटलं. बघा, पाणी कसं नितळ आहे आता. बाप्पा सगळ्यांचं भलं करो. चला, बंद करा तो टेप, दहीपोहे खाऊन जा, उपाशी कसं पाठवू?