कानात बोलणारं मशीन

...न्हाई, मला सांगा, मंग माझे डोळे काय शोभेला हायेत का? इतकी वर्षं तीर्थपुरीच्या मैदानावर पोरींच्या बेसबॉलला हा कचरूच अंपायर. चेंडू खेळणारीच्या गुडघ्याच्या वर आन् छातीच्या खाली आला तर स्ट्राइक, न्हाईतर बॉल, एवढं सरळ काम. हरणारे मला शिव्या देतात, मंग चहा पाजतात, रीतच हाये आमच्याकडं, कुणाची कुणाशी दुश्मनी न्हाई. आन् यंदा घनसावंगी-बदनापूर फायनलला आमचे खेळाचे कल्याण सर खांबाला कॅमेरा बांधून राह्यले, बाजूला स्क्रीन मांडून राह्यले, माझ्या कानात बटण खुपसून राह्यले... म्हणे, "कचरूभाऊ, मशीन बघंल, कानात सांगंल, तुम्ही फक्त ओरडायचं." मंग माझे डोळे काय शोभेला हायेत का?

तुम्हाला सांगतो, सकाळी मशीनला माप द्यायला घनसावंगीची मारिया उभी केल्ती. पोरगी ताडमाड उंच! मशीननं तिच्या मापाची, गुडघा ते छाती, चौकट धरली, बिलकुल बराबर धरली. दुपारी शेवटचा डाव, रन बरोबरीत, तिन्ही बेसवर बदनापूरच्या पोरी, आन् खेळायला आली बदनापूरची तरन्नुम... हेल्मेटसकट माझ्या कमरेला लागती. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्ते. आता चौथा बॉल झाला की सगळ्या पोरी एकेक बेस फुकट पुढं, रन मिळून बदनापूर जिंकलं; तिसरा स्ट्राइक झाला की पोरगी बाद. चेंडू आला तो थेट नाकासमोरून, तिनं मान मागं घेतली म्हणून वाचली, आन् कानात मशीन गोड आवाजात म्हणतंय, "स्ट्राइक." कसला स्ट्राइक? चौकट मारियाची, नाक तरन्नुमचं! बटण काढलं, खिशात टाकलं आन् ओरडलो, "बॉल!"

घनसावंगीवाले आले की अंगावर... स्क्रीनवर मशीन स्ट्राइक दाखवून राह्यलं आन् हा कोण टिकोजी? म्हणलं, या इकडं. तरन्नुमला परत तिथंच उभी केली, स्क्रीन दाखवली. तिचं नाक चौकटीच्या आत! बदनापूर जिंकलं. मंग माझे डोळे काय शोभेला हायेत का?

मला वाटलं, गेलं मशीन. कसलं काय! कल्याण सर म्हणले, बराबर हाये तुमचं, आता दर पोरीचं माप घेऊ. म्हणलं, मंग मी कशाला, जातो घरी. तर माझा हात धरला, "असं कसं कचरूभाऊ? हरणाऱ्यांनी शिव्या काय खांबाला द्यायच्या?"

म्हणून उभा हाये. डोळे शोभेला, एका कानात मशीन... आन् दुसरा कान घनसावंगीसाठी मोकळा ठेवलाय.