रेवाच्या बाळाची गोधडी

(औंढे. भाड्याने देतात त्या एका बंगल्याचं बंद फाटक.)

हौशीराम: मावशी, कितींदा सांगू? मी हितला वॉचमन हाय. आत कुनी न्हाई.

मुक्ताबाई: आरं, आज सकाळीच दावलं रेवानं फोनवर, फाटकावरच्या पाटीसकट. ह्योच झोपाळा, ह्योच निळा हौद. डोहाळजेवन हाय तिचं. तू नीट बघ आत जाऊन.

सारिका: आई, चल ना. टमटम थांबलीय. माझे पाय सुजलेत.

मुक्ताबाई: दम धर जरा. रेवालाबी सूज येती. मीठ कमी खा म्हनून लिवलं मी तिला.

सारिका: मला नाही म्हणालीस.

मुक्ताबाई: तू घरातच हायेस की.

हौशीराम: ही लेक व्हय?

मुक्ताबाई: व्हय, सारिका. पयल्या बाळंतपनाला आलीया. आन ती रेवाबी लेकच समज. 'माझ्या आयांनो' म्हनती आमाला. कायबी असू दे, 'सगळ्यात आधी तुम्हालाच सांगते' म्हनती.

सारिका: चार लाख जणी बघतात तिचे व्हिडिओ. चार लाखांत सगळ्यात आधी म्हणजे नक्की कोण?

मुक्ताबाई: माझ्या लिवल्यावर दिल दिलं तिनं. लाल.

सारिका: तुझ्या खालच्या बाईलाही दिलंय. तिच्या खालचीलाही. बघितलंय मी.

मुक्ताबाई: तू कशाला बघत बसतीस ते?

सारिका: तू तिला काय लिहितेस ते वाचायला. झोपताना पायाखाली उशी घ्यायची, हे मला तिथूनच कळलं.

हौशीराम: मावशी, आता सांगतोच. झोपाळा मीच बांधला, पर नारळी पुनवेच्या आदी. आता दसराबी झाला. परवा त्येंचा मानूस राहिलेलं सामान न्यायला आलता. पेढे देऊन गेला. मुलगी झाली त्यांना.

मुक्ताबाई: झाली? बाळंत झाली?

हौशीराम: व्हय.

मुक्ताबाई: आन मला न्हाई सांगितलं?

सारिका: आई...

मुक्ताबाई: पेढे तुला? वॉचमनला?

हौशीराम: दोनच हुते, मावशी. उरलेले असतील.

मुक्ताबाई: मग आज सकाळी ती कुनाचं प्वाट दावत हुती?

सारिका: आधी काढून ठेवतात. मग सवडीनं टाकतात.

मुक्ताबाई: आन मी लिवलं, लेकी, जड उचलू नगंस.

हौशीराम: पिशवीत काय हाय? ठेवा हितं. कुनी आलं तर पोचवतो.

मुक्ताबाई: गोधडी हाय. बाळाला.

सारिका: बघू. थांब, हे तुझं जांभळं लुगडं आहे. माझ्या बारशाचं.

मुक्ताबाई: लय मऊ झालतं. बाळाला टोचत न्हाई असलं.

सारिका: माहितीय. म्हणून तर ट्रंकेत शोधत होते गेल्या आठवड्यात.

मुक्ताबाई: बोलली न्हाईस.

सारिका: तू फोनवर होतीस.

हौशीराम: मग, ठेवताय का मावशी? मला पानी सोडायचंय झाडांना.

सारिका: देऊन टाक. तिच्यासाठीच शिवलीस ना.

मुक्ताबाई: गप. भाऊ, हात नको लावू. त्या टमटमवाल्याला हाक मार, म्हनावं फाटकापतुर घे, हिला चालवत न्हाई. सारिका, डागदरनं तारीख कुठली सांगितलीया तुला?

सारिका: सांगितली होती मी. दोनदा.

मुक्ताबाई: व्हय. फोन हातात हुता. आता सांग.