मताचा पटका

(१९४६ साल. हैदराबादच्या कायदेमंडळासाठी आज पूर्णेला मतं. निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या लोकांनी बहिष्कार पुकारलेला. ताडकळसला मुंजाजीच्या ओसरीवर त्याचा चुलतभाऊ किशनराव, उमेदवार आबासाहेबांचा कारभारी, गुलाबी पटका घेऊन बसलेला. दारात मुंजाजीची बायको कडूबाई.)

कडूबाई : तो पटका आधी खाली ठिवा, भावजी. बाप मेल्यावर सोयरे पटका आनून बांधतेत. आमच्यात कोन मेलं?

किशनराव : वहिनी, साऱ्याच मतदारांना वाटलेत आबासाहेबानं. मुंजाजी सारा भरतो म्हनून मताचा मान हाय. सालगड्याला हाय का?

कडूबाई : लय मोठा मान. कालपतुर ह्याच आबासाहेबाच्या बैठकीत ह्यांना जोड्यापाशी बसवायचे.

किशनराव : ते गेलं आता. आबासाहेब हैदराबादला रयतेचं गाऱ्हानं मांडतील.

कडूबाई : साधा साऱ्याचा गिरदावर आला तरी 'जी हुजूर'च्या पुढं शब्द निघत न्हाई तेंच्या तोंडून. खुद्द हुजुरापुढं काय मांडतील, पानाचं तबक?

मुंजाजी : अगं, बोलू दे तेला.

कडूबाई : शेजारच्या लिंबाजीनं तर पटका हेल्याच्या शिंगाला बांधलाय. त्या हेल्यालाच न्या म्हनावं मताला.

किशनराव : मी भावाशी बोलायलोय. मुंजाजी, तिरंगा लावला म्हनून तुझा राधाकिशन परभणीच्या जेलात सडायलाय. गावातलं एक बी मत निघालं न्हाई. तू पटका बांधून मतावरच्या साहेबाला दिसलास की आबासाहेब वर शब्द टाकनार. पोरगं सुटलं समज.

मुंजाजी : तेच म्हनले असं?

किशनराव : माझ्यासमोर.

कडूबाई : पोरानं काय निरोप धाडलाय, ते बी सांगा की.

मुंजाजी : म्हनला, मताला गेलात तर तुमच्या दारात पाय ठिवनार न्हाई. तोंडावर थुकंन.

किशनराव : बापाला असं बोलतंय?

कडूबाई : बाप आबासाहेबाच्या गाडीचा बैल झाला तर बोलंलच.

मुंजाजी : मागं भेटायला गेलो तवा गज धरून उभं हुतं ते. सोडले की झोक जायचा. खोकला तर थांबतच नव्हता. तुला सांगितलं न्हाई.

कडूबाई : कामून न्हाई सांगितलं?

मुंजाजी : सांगून काय करनार हुतीस? आबासाहेबाला आनखी शिव्या घातल्या असत्यास. किशन, बांध तो पटका.

किशनराव : आता कसं बोललास. चल लवकर. बोकडं कापलेत, मतं झाली की पंगत हाय.

कडूबाई : थुकंल बरं का ते. खरंच थुकंल.

मुंजाजी : थुकू दे. थुकायला भाईर तर यील.

किशनराव : गाडी जुंपून ठिवलीय. निघायचं का?

कडूबाई : जरा थांबा, भाकर बांधून देते. मत द्या, पन तेंच्या पंगतीला बसू नका.