आतला जाळ कुणी वाढवला?

काहून, तुमीच सांगा, काहून माणसानं स्वतःच्या तापाला हात जोडावेत? पण डोंगरकड्याचा जळबा जोडून राहिला! तुमाला सांगतो, हा हळद शिजवणारा माणूस. कढईखालचा जाळ आपल्याशिवाय कुणाला कळत न्हाई, असं सगळ्या शिवाराला ह्यानंच सांगून ठेवलेलं. वसराम वीस वर्सं हाताखाली, पण त्यानं जाळात घालाया कापसाची एक वाळकी पऱ्हाटी उचलली की हा वरडणार, "थांब! हात लावू नको!" आन् ऐन हंगामात ह्याच्या पायात खिळा घुसला... काय केलं गड्यानं? दाबली मूठभर हळद, बांधलं फडकं, बसला जाळापुढं! शरीर म्हणे आपलं, आपल्याला कळतं!

तिसऱ्या दिवशी भर उन्हात, कढईपाशी, हा कुडकुडायला लागला! दातावर दात! बायको कमलबाई म्हणती, "अवो, अंग तव्यावानी तापलंय, घरी चला." हा म्हणतो, "मी उठलो की कढईतली अमृतरावाची सालभराची हळद नासली म्हून समज!" वारंगा फाट्यावरून तापाच्या गोळ्या मागवल्या. घाम फुटला, ताप उतरला. "बघ, इझवला का न्हाई जाळ?" चार तासांनी पुन्हा हुडहुडी, पुन्हा गोळी... दोन दिवस हेच, आन् तिकडं पाय भोपळ्याएवढा! शरीर म्हणे आपलं!

शेवटी पोरगी ज्योती आली, नांदेडला नर्सिंग शिकती. तिनं फडकं सोडलं आन् तिचं तोंडच उतरलं. "बाबा, आणखी एक दिवस गेला असता तर पाय कापावा लागला असता." टाकला जीपमधी, थेट दवाखाना! सलाईन, इंजेक्शनं... पाय वाचला बाबा, वाचला!

शुद्धीवर येऊन पहिलं काय विचारावं? "उन्हात मला थंडी काहून वाजली?"

ज्योती म्हणती, "बाबा, जखमेत जंतू शिरले की तिथल्या राखणदार पेशी रक्तातून निरोप धाडतात. डोळ्याला दिसत न्हाईत असे निरोपे. ते मेंदूत पोचले की अंग किती गरम ठेवायचं ती खूण वर सरकते. खूण वर, अंग खाली, म्हून थंडी. मग थरथरून अंग गरमी वाढवतं, जंतूंना जड जावं म्हून. तुमच्या गोळीनं खूण खाली आली, जंतू तिथंच!"

जळबा हळूच म्हणतो, "म्हंजी आतमधी बी कुणीतरी पऱ्हाट्या घालून राहिलं?"

"व्हय."

"मापात?"

"बराबर मापात."

डोळे भरले हो गड्याचे! "ज्योते, चाळीस वर्सं भाजून निघालो तवा मला जाळ कळाया लागला. आन् हे... कुणी न शिकवता, मी झोपलो तरी... आन् मीच येडा, त्याला इझवून राहिलो!" जोडले हात, स्वतःच्याच छातीला! शरीर म्हणे आपलं!

तवापासून भेटंल त्याला हेच. गावाकडून बघाया आलेल्या लतीफभाईनं नुसतं विचारलं, "तकलीफ कमी हाय का?" तर ह्यानं निरोप्यांपासून सुरुवात केली, लतीफभाईची गाडी चुकली!

आठव्या दिवशी वसराम दवाखान्यात आला. हातात अमृतरावाच्या हळदीचं हळकुंड. जळबानं मोडलं... आत पिवळंधमक! हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"माझ्यामागं जाळ कुणी सांगितला?"

"कुणीच न्हाई. लावला आपला."

जळबानं हळकुंडाचे तुकडे ज्योतीच्या हातात दिले.

"आत बी माझ्यावाचून अडलं न्हाई, भाईर बी न्हाई... ज्योते, उशी दे. झोपतो जरा."