नीरजाबरोबर कोण?

दिल्लीत, द्वारकेतल्या गरोदर बायकांच्या क्लासबाहेर संपदा एकटीच बसली होती. सातवा महिना होता आणि नवऱ्याला ऑफिसातून निघता आलं नव्हतं. शेजारच्या बाकावर मराठी ऐकू आलं तसे तिने कान टवकारले. एक पोटुशी मुलगी आणि तिचे वडील बोलत होते.

"बाबा, इथे सगळ्यांचे नवरे येतात."

"तुझा नवरा जहाजावर आहे. आई असती तर तीच आली असती. आता मी आलोय."

"तुम्हाला अवघडल्यासारखं नाही होणार?"

"बिल्कुल नाही. दुपट्यात गुंडाळायला तर मी घरीच शिकलो, मोबाइलवर बघून."

"कोणाला गुंडाळलंत?"

"तीन किलो आट्याच्या पिशवीला. परवा सांडला, काल नाही सांडला."

"यार बाबा, हसवू नका, आत लाथा बसतायत."

"बसू दे. नीरजा, तू झालीस तेव्हा मी टूरवर होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो आणि तुला उचलायलाच घाबरलो. या वेळी बाळाला सगळ्यात आधी मी घेणार."

"आधी मी, मग तुम्ही."

"अच्छा चलो, दुसरा नंबर माझा."

दार उघडलं. "नीरजा जी के साथ कौन है?"

"मैं हूँ जी."

ते उठले, शर्ट सारखा केला आणि लेकीच्या आधीच आत शिरले.

संपदाने फरीदाबादला वडिलांना फोन लावला.

"बाबा, पुढच्या शनिवारी सकाळी मोकळे आहात का?"