स्पंजाची खोली

मोहसीन : हे बघा सर, तुमच्या माइकची वायर इनपुट एकमधे. सॉफ्टवेअरमधे बी इनपुट एकच निवडलंय. लाल बटन दाबून राहिलो. दार लावतो, आता शिकवा.

रेणुकादास : …

मोहसीन : सर? परत तेच. थांबा, दार उघडतो.

रेणुकादास : तुझ्या यंत्रात घोळ आहे. आधी ते बघ.

मोहसीन : कितीदा बघू? दार उघडं होतं तवा तुमचा आवाज मस्त आला. खालचा रसवंतीवाला बी आला. दार लावलं की काहीच नाही, नुस्तं मीटर हालतंय.

रेणुकादास : लग्नाचे भोंगे लावणारा माणूस स्टुडिओत आणला की असंच व्हायचं. मीटर हलतंय, म्हणजे काहीतरी येतंच असेल ना?

मोहसीन : येतंय की. हेडफोनात ऐकलं म्या. तुमचा श्वास येतोय सर. पळत आल्यावानी.

रेणुकादास : माझा श्वास मोजायला तुला बोलावलेलं नाही. दार आता लावू नकोस.

(प्रमोदिनी बाहेरून अर्धं उघडं दार ढकलून आत येते.)

प्रमोदिनी : झाला का धडा? क्लास माझा असला तरी मी तुमची विद्यार्थिनी, म्हणून सकाळपासून गप्प बसले सर. उद्या पहिला धडा पोरांच्या मोबाइलवर गेला नाही, तर धर्माबादपासून उदगीरपर्यंतचे पालक माझ्या टेबलाशी उभे राहतील.

रेणुकादास : यंत्र चालत नाही, मॅडम.

प्रमोदिनी : मिहीर सरांचं चाललं. शेजारच्या खोलीत केस विंचरून तयार बसलेत ते.

रेणुकादास : मिहीरला रसायनशास्त्र पाठ आहे. शिकवता येत नाही.

प्रमोदिनी : असेल. पण त्यांचं रेकॉर्ड होतंय. आज तुमचा धडा झाला नाही तर बॅच त्यांना देणार, तोंडावर सांगते. मोहसीनभाई, अडलंय कुठं?

मोहसीन : माझंच चुकलं मॅडम. इनपुट गलत लावलं होतं.

प्रमोदिनी : सकाळपासून? वा! उचला तुमचं सामान. औसा रोडवरून दुसरा माणूस बोलावते. आणि आमच्या नांदेडच्या शाखेचं काम तुम्हाला देणार होते, तेही विसरा.

मोहसीन : हाव मॅडम.

रेणुकादास : वायर काढू नकोस.

मोहसीन : राहू द्या सर.

रेणुकादास : काढू नकोस म्हणतो ना! प्रमोदिनी, त्याचं काही चुकलेलं नाही. दार लागलं की माझा आवाज निघत नाही.

प्रमोदिनी : म्हणजे?

रेणुकादास : भिंतींना तू हा स्पंज लावलास ना, तो बोललेलं गिळतो. भूकंपात मी मातीखाली होतो, तेव्हा असंच व्हायचं. ओरडायचो, आणि आवाज तोंडापुढंच संपायचा. वर माणसं चालताना कळायची. शेजारी आई होती. ती आधी गप्प झाली.

प्रमोदिनी : सर, वर्गाचंही दार तुम्ही कधी लावू दिलं नाही.

रेणुकादास : नाही.

प्रमोदिनी : आम्ही पोरी म्हणायचो, सर किती मायाळू, उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवतात.

रेणुकादास : उशिरा येणाऱ्यांचा मला संतापच यायचा.

प्रमोदिनी : मोहसीनभाई, खोटं बोलायचा हिशोब आपण नंतर करू. दार उघडं ठेवून जमेल का?

मोहसीन : जमंल. हा माइक लई नाजूक हाय, रस्त्यावरचं बी ओढतो. भाषणाचा साधा माइक लावतो, सरांनी तोंडाजवळ धरायचा. आवाज ओढायची ताकद इकडून कमी करतो. रिक्षा थोड्या येतीलच.

प्रमोदिनी : येऊ द्या. लातूरचा क्लास आहे, रिक्षा नसल्या तर पालकांना शंका यायची. मी मिहीर सरांना घरी पाठवते.

मोहसीन : सर, हा माइक इनपुट दोनवर. धरा. अजून जवळ.

रेणुकादास : मोहसीन… ऐकू येतंय का?

मोहसीन : येतंय सर. बोलत राहा.